वडील पडले तेव्हापासून खुर्चीतच आहेत: आता सुरुवात कुठून करायची?

विचारणारीने कळवलेली हकिकत थोडक्यात अशी. वडील ७६ वर्षांचे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तीन महिन्यांपूर्वी रात्री लघवीला उठताना वडील पडले. हाड मोडलं नाही, मुका मार लागला, पण घरातल्या सगळ्यांनीच धास्ती घेतली. तेव्हापासून त्यांना काही करू दिलेलं नाही, पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो. आता खुर्चीतून उठताना हात द्यावा लागतो, भिंतीला धरून चालतात, बाहेर जाणं बंद आहे आणि बोलणंही कमी झालंय. गुडघे दुखतात. बीपी, शुगर, पित्त आणि झोप यांच्या मिळून सात गोळ्या चालू आहेत. एवढ्यात एवढी शक्ती कशी गेली, एखादं टॉनिक द्यावं का, या वयात व्यायाम झेपेल का, आणि घरातले सगळे दिवसभर बाहेर असताना त्यांची सोय कशी लावावी, असे चार प्रश्न आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं वयस्कर माणसांसोबतच काम करते. ही हकिकत मला अगदी ओळखीची आहे. वडिलांची गेलेली ताकद बहुतांशी पडण्यामुळे गेलेली नाही, पडल्यानंतरच्या तीन महिन्यांच्या बसण्यामुळे गेलेली आहे. त्यातली बरीचशी परत आणता येते, आणि तेही साध्या खुर्चीच्या मदतीने. मात्र त्यासाठी घरच्यांना जपण्याची पद्धत बदलावी लागेल.

वय वाढलं की स्नायू झडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बसून राहिल्यावर ते किती वेगाने झडतात याची कल्पना नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांना कसलाही आजार नव्हता, जेवण व्यवस्थित होतं. दहा दिवसांत दोन्ही पाय मिळून सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. तुमचे वडील तीन महिने पूर्ण झोपून नव्हते, पण दिवसभर खुर्ची, उठताना हात आणि चालायचं ते संडासापर्यंत, यात पायांना जवळपास काहीच काम उरत नाही. मांडीच्या पुढच्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंवर आधी परिणाम होतो, आणि उठबस नेमकी त्यांच्याच जोरावर चालते.

आता दुसरी बाजू. १९९० साली मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धनिवासातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. सगळ्यांत लहान ८६ वर्षांचे होते. ज्यांनी व्यायाम पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायूला वय कळत नाही असं मी म्हणणार नाही, कळतं. तरुणाइतका तो वाढत नाही. पण भार दिला की तो नव्वदीतही उत्तर देतो, हे त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून ‘या वयात झेपेल का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे. प्रश्न उरतो तो किती आणि कसं यांचा.

मात्र व्यायामाआधी एक काम संपवा. ते का पडले हे शोधा. ‘पाय घसरला’ हे कारण क्वचितच पूर्ण असतं. रात्री, झोपेतून उठून, लघवीच्या घाईत, झोपेची गोळी घेतलेली असताना पडले, यात निदान चार धागे तपासण्यासारखे आहेत.

पहिला धागा उभं राहिल्यावर उतरणाऱ्या बीपीचा. घरी यंत्र असेल तर त्यांना पाच मिनिटं आडवं करून बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी उभं राहाच. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरत असेल तर ते आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात बहुतेक वेळा बसवून एकदाच बीपी मोजतात आणि हा उतार निसटून जातो. दुसरा धागा झोपेच्या गोळीचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांनी वयस्कर माणसाचा तोल जातो, प्रतिक्रिया मंदावते आणि पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका वाढतो. ती एकदम बंद मात्र करू नका, तसं केल्याने उलट त्रास होतो. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. तिसरा धागा शुगरचा. काही गोळ्यांनी, विशेषतः ग्लिबेनक्लामाइडसारख्या, शुगर रात्री फार खाली जाऊ शकते. या वयात शुगर तरुणांइतकी काटेकोर ठेवण्याची गरज असतेच असं नाही, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. चौथा धागा लघवीचा: बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल आणि ती संध्याकाळी घेत असतील, तर वेळ बदलता येईल का ते विचारा.

सातही गोळ्या, वरून कधीमधी घेतल्या जाणाऱ्या सर्दीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून न्या आणि ‘यातली आज कुठली खरंच लागते?’ असं विचारा. सर्दीच्या जुन्या गोळ्या फार निरुपद्रवी समजल्या जातात. त्यातल्या बऱ्याच गुंगी आणतात आणि वयस्कर माणसाला गोंधळवतात. शिवाय मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. त्याने पायांची जाणीव बोथट होते आणि तोल सांभाळणं अवघड जातं. त्याची तपासणी साधी आहे. डोळेही दाखवा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहू नका. आणि एकाच काचेत जवळचं-लांबचं दिसणारा चष्मा असेल तर जिना उतरताना पायरी पुसट दिसते हे लक्षात असू द्या. बाहेर फिरायला फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतला तर पुष्कळ फरक पडतो.

आता खुर्ची. हात नसलेली, सरळ पाठीची, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांची ताकद कमी समजतात. हातांनी रेटावं लागलं तर नियमाप्रमाणे शून्य. तुमच्या वडिलांचं उत्तर बहुधा शून्यच येईल. ते त्यांच्यासमोर निकालासारखं वाचून दाखवू नका, फक्त तारखेसह वहीत लिहा. दुसरं मोजमाप असं: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजायचं. हे दोन आकडे म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचा तुमचा नकाशा.

उठायची रीत नीट शिकवा, कारण बहुतेकांची तिथेच चूक होते. माणूस खुर्चीत मागे टेकलेला असतो, पाय पुढे पसरलेले असतात आणि तसाच वर उठायला बघतो. त्याऐवजी आधी दोन्ही कुल्ह्यांवर आळीपाळीने सरकत खुर्चीच्या पुढच्या कडेला यायचं. पाय मागे ओढायचे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पायांत कंबरेइतकं अंतर. मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे. इथे सगळे घाबरतात, पुढे तोंडावर पडू असं वाटतं. तुम्ही समोर, हातभर अंतरावर बसा, धरू नका, नुसतं ‘माझ्याकडे या’ म्हणा. वजन पायांवर आलं की टाचा जमिनीत रेटत, श्वास सोडत उठायचं. उभं राहून गुडघे आणि कुल्हे सरळ करायचे. आणि बसताना चार आकडे मोजत, सावकाश. धपकन बसू द्यायचं नाही. ताकद नुसती उठतानाच नाही, सावकाश बसतानाही वाढते, आणि धपकन बसल्याने पाठीच्या ठिसूळ मणक्यांना हिसका बसतो.

सुरुवातीला जमणार नाही. मग बैठक उंच करा: घट्ट उशी किंवा दोन-तीन घड्यांची चादर खाली घाला आणि हातांची खुर्ची वापरा. दोन्ही हातांनी रेटून पाच वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. सहज जमायला लागलं की एक हात. मग हात नाहीत. मग एक घडी कमी. मग आणखी एक. एकदा उठून बसणं म्हणजे एक उठ; शेवटच्या दोन उठा जड गेल्या पाहिजेत. अजिबात जड गेलं नाही तर स्नायूला वाढायचं कारण मिळत नाही. आठ ते दहा उठा, मध्ये विश्रांती घेत दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून निदान तीन दिवस, इथवर पोचायला काहींना तीन आठवडे लागतात, काहींना तीन महिने. दोन्ही चालतं.

गुडघ्यांचं काय, हे तुम्ही विचारणारच. झिजलेल्या गुडघ्याला आराम दिला की तो वाचतो, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. गुडघेदुखीत जगभरातले वैद्यकीय सल्ले व्यायामाला पहिलं स्थान देतात, कारण मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा ताण तो वाटून घेतो. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नेहमीइतकं झालं, तर चालू ठेवा. दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं किंवा गुडघा सुजला, गरम झाला, तर बैठक पुन्हा उंच करा, उठा कमी करा. पूर्ण थांबू नका. काठी वापरत असतील तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात हवी, आणि तिची मूठ हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. खालचं रबर झिजलेलं असेल तर आजच बदला.

ताकदीइतकाच तोल महत्त्वाचा, आणि तो नुसत्या चालण्याने सुधारत नाही. ज्यांचा पडण्याचा धोका जास्त आहे त्यांना केवळ ‘रोज झपाझप चाला’ एवढंच सांगणं अपुरं आहे, आणि तोल न सुधारता तसं चालवलं तर ते धोक्याचंही ठरू शकतं. तोलाला थोडं अडचणीत टाकावं लागतं, तरच तो शिकतो. स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर उभं करा, मागे खुर्ची ठेवा. आधी दोन्ही पाय जुळवून दहा सेकंद. मग एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या टाचेच्या बाजूला. मग एकामागे एक, रेषेत. मग एका पायावर. एक पायरी हात न लावता दहा सेकंद जमली की पुढची. बोटं ओट्याच्या वर तरंगती असू द्यात, धरलेली नकोत. त्याच जागी टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, बाजूला चालणं, मागे चालणं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात अशाच व्यायामांचा घरच्या घरी करायचा कार्यक्रम तयार झाला. त्यात पायांची ताकद, तोल आणि चालणं तिन्ही येतं, आणि त्याने पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. ऐंशीच्या पुढच्यांनाही त्याचा चांगला फायदा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि निदान तीन दिवस तोलाचे व्यायाम असं सांगतं. हा आकडा वडिलांना आज सांगू नका. त्यांच्यासाठी आज दाराबाहेर जाऊन परत येणं पुरे. उद्या तेच दोनदा.

आता एक गोष्ट, जी जवळपास कुणीच शिकवत नाही: जमिनीवरून उठणं. पडण्याची भीती ही बरेचदा ‘पडलो तर उठता येणार नाही’ याची भीती असते, आणि ती रास्त आहे. तासाहून जास्त वेळ जमिनीवर अडकून पडलेल्या माणसाला थंडी, पाण्याची कमतरता, स्नायूंची इजा, दाबाने होणाऱ्या जखमा असे नवेच त्रास सुरू होतात. पायांत थोडं बळ आलं की, साधारण महिन्याभराने, गादीवर सराव करा. गुडघे अगदीच वाकत नसतील तर हा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच. पडल्यावर आधी हलायचं नाही, श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. जांघेत किंवा कुल्ह्यात तीव्र दुखत असेल, पाय हलवता येत नसेल, तर उठायचं नाही, मदत बोलवायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं. कोपरावर भार देऊन, मग दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं. तसंच रांगत खुर्चीपर्यंत. दोन्ही हात बैठकीवर. जो पाय जास्त बळकट तो पुढे टेकवायचा. हातांनी आणि त्या पायाने रेटत वर येऊन, वळून खुर्चीत बसायचं. लगेच उभं राहायचं नाही, मिनिटभर बसायचं. पहिल्यांदा हे जमल्यावर माणसाचा चेहरा बदलतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि त्यानंतर चालण्यातला ताठरपणाही बहुधा सैल होतो, कारण घाबरलेला माणूस पाय घासत, श्वास रोखून चालतो आणि म्हणूनच जास्त पडतो.

टॉनिकबद्दल थोडक्यात: गरज नाही. गरज प्रथिनांची आहे. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एकटं किंवा उदास माणूस निम्म्यावरच थांबतं, कारण खाण्यात रस नसतो, दात साथ देत नाहीत आणि चहा-बिस्किटावर वेळ निभते. डाळी-कडधान्यं, दूध, अंडी, मासे, मांस यातलं जे घरात खातात ते तिन्ही जेवणांत थोडं थोडं विभागून द्या. सगळं रात्री एकदम नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. दातांची कवळी सैल असेल तर ती दुरुस्त करणं हा आहाराचाच भाग आहे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, पण मोठा डोस स्वतःच्या मनाने नको. ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आणि पाणी. लघवीला उठावं लागतं म्हणून माणसं दिवसभर पाणीच कमी पितात, मग चक्कर येते, गोंधळ उडतो, बद्धकोष्ठ होतो. दिवसा भरपूर, झोपण्याआधीचे दोन तास कमी, असा हिशेब ठेवा.

घरात फार तोडफोड लागत नाही. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. वाटेतली सैल पायपुसणी, वायरी काढून टाका. संडास-बाथरूममध्ये भिंतीत पक्के बसवलेले, धरायचे दांडे; टॉवेल लटकवायची दांडी वजन पेलत नाही आणि लोक नेमकी तीच धरतात. मागून उघड्या चपलांऐवजी टाच धरणारी, पातळ पण न घसरणाऱ्या तळाची पादत्राणं. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसून घोटे वीसेक वेळा वर-खाली हलवायचे, मगच उभं राहायचं. लघवीचं भांडं रात्रीपुरतं पलंगापाशी ठेवण्यात कमीपणा नाही. मोबाइल खिशात, टेबलावर नाही.

इथवरचं सगळं सोपं आहे. अवघड भाग तुमचा आहे. १९८२ साली वृद्धनिवासातल्या लोकांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांना जुळणीचं कोडं सोडवायला दिलं. एका गटाला शेजारी बसून प्रत्यक्ष मदत केली, दुसऱ्या गटाला नुसतं प्रोत्साहन दिलं. ज्यांना मदत मिळाली त्यांची कामगिरी नंतर घसरली. ज्यांना प्रोत्साहन मिळालं ते सुधारले. मदत करणारे प्रेमानेच करत होते. तुमच्या घरात दिवसभर हेच चाललं आहे. दिवसभर पाण्याचा पेला हातात देत राहणं म्हणजे पाच उठा आणि चाळीस पावलं काढून घेणं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘तुम्हाला हे जमणार नाही’ हे त्यांना रोज न बोलता सांगितलं जातं.

म्हणून हात देण्याआधी थांबा. ते उठायला लागले की मनात दहा आकडे मोजा. धडपडतील, वेळ लागेल, तुम्हाला उशीर होत असेल, तरीही. जवळ उभं राहा, हात पाठीमागे तयार ठेवा, पण ओढू नका. दंडाला धरून वर ओढल्याने खांदाही दुखावतो आणि तोलही जातो. मग कामं परत द्या, आणि खरी द्या. त्यांच्यावाचून अडेल अशी. गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं, बिलांचा हिशेब, झाडांना पाणी, घरातल्या लहानाचा अभ्यास, दुरुस्तीवाल्याला फोन. ‘तुम्हाला विरंगुळा म्हणून’ दिलेलं काम माणसाला लगेच कळतं आणि ते लागतं.

बोलणं कमी झालंय, असं तुम्ही म्हणालात. याला तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही तपासावी लागतील. एक, कान. ऐकू येत नसलं की माणूस विचारायचा कंटाळा करतो आणि हळूहळू गप्प होतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण हाताळता येण्याजोगी १४ कारणं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली मांडली, त्यात बहिरेपण आहे. श्रवणयंत्र घेतलं तर ते दोन-तीन भेटींत जुळवून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी ‘नुसता गोंगाट येतो’ म्हणून कपाटात गेलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. दोन, दुःख. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली म्हणजे ते संपलं असं नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, भूक आणि झोप गेली असेल, ‘आता जगून काय करायचं’ असे शब्द येत असतील, तर ते वयाचा भाग समजू नका. उतारवयातलं नैराश्य उपचाराने बरं होतं. ते अनेकदा अंगदुखी, थकवा, पोटाच्या तक्रारी असं शारीरिक रूप घेऊन येतं, म्हणून सुटतं. तीन, विसराळूपणा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचे व्यवहार चुकणं, ओळखीच्या वाटेवर गोंधळणं असं काही दिसत असेल तर लवकर दाखवा.

माणसांची गरज औषधाइतकीच असते, आणि हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात तीन लाखांहून अधिक लोक होते. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. घरात माणसं आहेत एवढ्याने हे साधत नाही, कारण घरातली माणसं काळजी करतात, बरोबरी करत नाहीत. त्यांच्या वयाचे, त्यांच्याशी वाद घालणारे एक-दोन जण लागतात. जुना सहकारी, शेजारी, वाचनाचा किंवा व्यायामाचा गट. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही सोबत जा, पोचवा, परत आणा. ‘जा ना बाबा, बरं वाटेल’ एवढ्याने बाहेर पडण्याची सवय सुटलेलं माणूस बाहेर पडत नाही. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ आणि न्यायला येणारं कुणी असेल तर पडतं.

दिवसभर ते एकटे असतात त्याची सोय. मदतनीस ठेवणार असाल तर पहिल्या दिवशीच कामाची सीमा सांगा: बाथरूमच्या दाराबाहेर थांबायचं, व्यायामाच्या वेळी समोर बसायचं, सोबत फिरायला जायचं, भरवायचं नाही, कपडे चढवायचे नाहीत, उठवायचं नाही. चांगल्या मदतनिसाला हे सांगावं लागतं, कारण बहुतेक ठिकाणी सगळं करून देणारालाच चांगला म्हणतात. मदतनीस नको असेल तर ठरावीक दोन वेळी फोन आणि शेजाऱ्याकडे किल्ली, एवढी तरी व्यवस्था हवी. आतून कडी लावून अंघोळ करायची नाही, हा नियम मात्र त्यांच्याशी बोलून, त्यांच्या मान्यतेने करा.

तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, ते मला खटकलं. १९९९ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. तुम्ही त्या वयाच्या नाही, पण ताण तोच. भावंडं असतील तर कामं वाटून घ्या, आणि ‘जमेल तसं बघ’ म्हणून नको, वार ठरवून. औषधं एकाकडे, दवाखाना दुसऱ्याकडे, फिरायला नेणं तिसऱ्याकडे. आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्णपणे तुमचा ठेवा. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या लसींबद्दल वडिलांच्या डॉक्टरांना विचाराल तेव्हा तुमची स्वतःची राहिलेली तपासणीही करून घ्या.

व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा दडपण आलं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, डोळ्यांसमोर अंधारी आली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीतलं दुखणं बसल्यावर लगेच गेलं नाही तर थेट रुग्णालय. चेहरा वाकडा होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं यात एक मिनिटही घालवू नका. पुन्हा पडले आणि डोक्याला मार लागला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दाखवा. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखे वागू लागले तर त्यामागे संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नवी गोळी असू शकते. ‘वयामुळे होतंय’ म्हणून थांबू नका.

वहीतले दोन आकडे दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. आठ आठवडे नेमाने केल्यावरही ते हलले नाहीत, किंवा एका पायाची ताकद दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी दिसली, तर ती वही घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष भेटा. तिथे तुम्ही बोलू नका, वडिलांना सांगू द्या.